तिसऱ्या उकळल्या तरी शेवाळाचं विष जात नाही

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात मार्च २०२५ पासून विषारी सूक्ष्म शेवाळ माजलं. मासे मेले. काही ठिकाणी कालवं काढायलाही बंदी आली, कारण जिवंत कालवांतच विष सापडलं.

हे विष करतं काय? आपल्या मज्जापेशींना बारीक दारं असतात. त्यातून सोडियम आत आलं की संदेश पुढं सरकतो. शेताच्या पाटाचं दारच समजा. तिकडच्या शेवाळाचं ब्रेव्हेटॉक्सिन हे दार उघडंच धरून ठेवतं. दुसऱ्या जातीच्या शेवाळाचं सॅक्सिटॉक्सिन त्याच दाराला बूच मारतं. मग ओठ बधिर, हातपाय लुळे, आणि छातीचे स्नायू थांबले की श्वास बंद. १९८७ साली ग्वाटेमालात शिंपले खाऊन २६ माणसं अशीच गेली. उकळून हे विष मरत नाही, त्यावर उताराही नाही. मात्र वेळेत दवाखान्यात पोचलं तर मशीनवर श्वास चालू ठेवता येतो. म्हणून शिंपले खाऊन ओठांना मुंग्या आल्या तर घरी पडून राहू नका.

खरा उपाय म्हणजे काढण्याआधी तपासणी. आमच्या बाजारात तिसऱ्यांचा वाटा तपासून आलेला मी तरी पाहिला नाही. पण उद्या नुसती बंदी घातली तर खाडीत उतरणाऱ्या बायांची चूल कशावर पेटणार? तपासणीबरोबर बंदीच्या दिवसांची भरपाईही ठरवायला हवी.