यरीहोची वाट आणि आपली गल्ली



वडोदऱ्यात सयाजीराव विद्यापीठाच्या आसपास, फतेहगंज-सयाजीगंज भागात, बाहेरगावची पुष्कळ मुले-मुली शिकायला राहतात. रात्री कोणाचा मोबाइल हिसकावला गेला, एखाद्या मुलीचा पाठलाग झाला, की आपण आधी विचारतो, “इतक्या उशिरा बाहेर कशाला गेलीस?”

यरीहोच्या वाटेवर लुटल्या गेलेल्या माणसाला शोमरोन्याने हा प्रश्न केला नाही. त्याने जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेत नेले, खर्चही सोसला.

आपल्या प्रश्नाने लेकरू गप्प बसते. तक्रार होत नाही, आणि गुन्हेगार पुन्हा त्याच कोपऱ्यावर उभा राहतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीची अडचण नाही. ११२ क्रमांक आहे, गुजरातेत महिलांसाठी १८१ अभयम आहे. पण घाबरलेल्या मुलीबरोबर ठाण्याची पायरी कोण चढणार?

येत्या रविवारी उपासनेनंतर शेजारच्या एका तरी विद्यार्थ्याला आपला फोन नंबर द्या. “केव्हाही फोन कर, मी येतो,” एवढे म्हणा. आणि फोन आला, तर खरोखर जा.