‘बाहेरून आणा’

सरकारी रुग्णालयाच्या औषधखिडकीसमोर सकाळपासून उभा असलेला माणूस अखेर खिडकीपाशी पोहोचतो. आतला कर्मचारी चिठ्ठीवरील चार औषधांपैकी दोन पुढे सरकवितो, उरलेल्या दोहोंभोवती शाईचे वर्तुळ काढतो आणि म्हणतो, ‘बाहेरून आणा.’ या दोन शब्दांत त्या माणसाची एका दिवसाची, प्रसंगी आठवड्याची मजुरी जाते. रुग्णालय सरकारचे, डॉक्टर सरकारचा, तपासणी विनामूल्य. रोग बरा करणारी वस्तू तेवढी रस्त्यापलीकडच्या दुकानात! आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना या खिडकीशी उभे राहण्याचा प्रसंग येत नसेल. त्यांनी आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईस किंवा इमारतीच्या पहारेकऱ्यास विचारून पाहावे.

15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले. निर्णय निःसंशय स्तुत्य होता. परंतु दर माफ केल्याने कपाटात औषध उत्पन्न होत नाही. गर्दी मात्र वाढते. त्यानंतर दीड महिना लोटतो न लोटतो तोच नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत 24 रुग्ण दगावले आणि त्यांत 12 अर्भके होती. हे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीतील होते, हे खरे. आणि औषधांच्या तुटवड्यामुळे हे मृत्यू घडल्याचे शासनाने नाकारले, हेही नमूद केले पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. औषधखरेदीसाठी त्याच वर्षी कायद्याने निर्माण केलेल्या प्राधिकरणास पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी असावा, ही गोष्टही न्यायालयास सांगावी लागली. ज्या शासनास कायदा करता आला, त्यास माणूस नेमता येऊ नये, याचे आम्हांस नवल वाटते.

औषध का मिळत नाही, असे कोणासही विचारा. ‘पैसे खाल्ले’ हे उत्तर तयार असते. पैसे खाल्ले जात नाहीत असे आम्ही म्हणणार नाही; तसे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. परंतु या एका उत्तरावर समाधान मानल्यामुळे आपण आजवर एकच उपाय करीत आलो, तो म्हणजे खरेदीचा अधिकार एका हातातून काढून दुसऱ्या हातात देणे आणि मध्ये चार सह्या वाढविणे. 2017 साली ही खरेदी विभागांकडून काढून परळच्या हाफकिन महामंडळाकडे सोपविली गेली. 1897 साली प्लेगची लस सिद्ध करणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव लावणारी ही संस्था. लस बनविणे हे तिचे कुळशील. तिच्यावर साऱ्या राज्याच्या गोळ्या-सलाइनची वाणसौद्याची यादी लादली गेली. ते काम तिला पेलले नाही, आणि 2023 साली महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा आला. खरेदीदार बदलले. औषध कोणत्या वाटेने खिडकीपर्यंत येते, त्या वाटेकडे मात्र कोणी निरखून पाहिले असे दिसत नाही.

ती वाट पाहणे हा आता एका स्वतंत्र शास्त्राचा विषय झाला आहे. अमेरिकेतील जे फॉरेस्टर यांनी 1961 साली आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले की, गिऱ्हाइकाच्या मागणीत थोडासा चढउतार झाला, तरी दुकानदार, घाऊक व्यापारी आणि कारखानदार अशा एकेका पायरीगणिक तो फुगत जातो. प्रत्येक जण फक्त आपल्या खालच्याची मागणी पाहतो. मूळ गिऱ्हाईक कोणालाच दिसत नाही. 1997 साली हाऊ ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी या फुगवट्याची कारणे सांगितली. त्यांतील एक कारण असे की, माल अपुरा मिळणार अशी भीती असली म्हणजे मनुष्य गरजेहून अधिक मागतो.

हे वाचले तेव्हा आम्हांस आमची शाळा आठवली. या व्यवसायात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शिक्षकी केली. त्या शाळेत खडूंच्या मागणीपत्रावरील आकडा वरचे कार्यालय निम्मा करीत असे, म्हणून मुख्याध्यापक दुप्पट लिहीत; कार्यालयास ते ठाऊक होते, म्हणून ते एक तृतीयांश करू लागले; मुख्याध्यापक तिप्पट लिहू लागले. एका वर्षी सबंध मागणी मंजूर झाली आणि खडूंच्या खोक्यांनी प्रयोगशाळेचे कपाट भरून गेले. पुढच्या वर्षी ‘साठा शिल्लक’ म्हणून एकही खोका आला नाही. त्या खडूंना पावसाळ्यात ओल लागली होती. दोन्ही बाजूंनी कोणी चोरी केली नव्हती, आणि तरी फळ्यावर लिहावयास खडू नव्हता. खडूला ओल लागली तर फार बिघडत नाही. औषधाला मुदत असते. एका तालुक्यात मुदत संपलेली खोकी पडून आणि शेजारच्या तालुक्यात तेच औषध दृष्टीस नाही, हा प्रकार या शाळेच्या हिशेबाचाच मोठा भाऊ होय.

यावर प्रयोगही झाले आहेत. आफ्रिकेतील झांबिया या देशाने 2009-10 च्या सुमारास जागतिक बँकेच्या साहाय्याने एक प्रयोग केला. काही जिल्ह्यांत औषधांच्या मागणीचा हिशेब पाहणारा एक माणूस नेमला. दुसऱ्या काही जिल्ह्यांत असा माणूस तर नेमलाच, शिवाय जिल्हा भांडारात माल साठविणेच बंद केले. तेथे प्रत्येक आरोग्यकेंद्राची मागणी थेट मध्यवर्ती भांडाराकडे जाई आणि त्या केंद्राच्या नावाची पेटी तेथेच बांधली जाऊन येई. जिल्ह्याने ती पुढे धाडावयाची एवढेच. या दुसऱ्या जिल्ह्यांत औषधे कितीतरी अधिक नियमितपणे मिळू लागली. मधली एक अडगळ दूर होताच खेड्यातील केंद्राचा आवाज राजधानीत ऐकू आला.

झांबिया दूर आहे म्हणावे, तर तामिळनाडू आहे. तेथील वैद्यकीय सेवा महामंडळ 1994 साली स्थापन झाले. दर मध्यवर्ती निविदेने ठरतात, पण माल जिल्ह्याजिल्ह्यांतील गोदामांत उतरतो आणि तेथे काही महिन्यांचा साठा राखला जातो. प्रत्येक रुग्णालयाच्या हाती एक पासबुक असते. वर्षाची तरतूद त्यात जमा, उचललेले औषध खर्ची. वैद्यकीय अधिकाऱ्यास आपल्या नावावर किती उरले हे दिसते, आणि महामंडळास कोठे काय खपले हे कळते. या पासबुकात कसलीही विद्वत्ता नाही. आमच्या आजोबांच्या वाण्याकडेही असे एक पुस्तक होते. राजस्थानने 2011 साली निःशुल्क औषधयोजना सुरू करताना असेच महामंडळ उभारले. महाराष्ट्राने मात्र वारंवार दार बदलले आणि घर तसेच ठेवले.

तामिळनाडूची आणखी एक पद्धत आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. आलेल्या प्रत्येक खेपेचे नमुने काढून, कारखान्याचे नाव झाकून ते प्रयोगशाळेत तपासले जातात. मुंबईला हे निराळे सांगावयास नको. 1986 साली जे. जे. रुग्णालयात रुग्णांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले आणि 14 जण मूत्रपिंडे निकामी होऊन मेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने रुग्णालयाच्या खरेदीवर आणि अन्न व औषध प्रशासनाच्या देखरेखीवर जे लिहिले, ते वाचून आजही मान खाली जाते. त्या गोष्टीस अडतीस वर्षे झाल्यावर, 2024 साली, नागपूर ग्रामीण पोलिसांच्या आरोपपत्रात असा आरोप आला की, सरकारी रुग्णालयांस पुरविलेल्या प्रतिजैविकांत औषधाऐवजी शंखजिऱ्याची भुकटी आणि स्टार्च भरलेला होता. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. परंतु माल रुग्णाच्या तोंडात जाण्यापूर्वी तपासला गेला असता, तर पोलिसांस आरोपपत्र लिहावेच लागले नसते. सर्वांत खालचा दर हीच एकमेव कसोटी धरली, म्हणजे सर्वांत खालच्या दराला जे येते ते येणार.

आणि येथेच पैशाचा प्रश्न येतो. माल देऊन महिनोन्‌महिने देयक अडकते असा अनुभव एकदा आला, की चांगला कारखानदार पुढच्या निविदेस फिरकत नाही. जो येतो तो एक तर उशिराचे व्याज दरात मिसळून येतो, नाही तर मालात हात आखडून. अर्थखाते मार्चअखेर तिजोरी मोकळी करते, मग जेथे जे मिळेल ते उचलण्याची घाई होते, आणि भांडारपालास एप्रिलमध्ये खोकी ठेवावयास जागा पुरत नाही. खरेदी खात्यास या गोंधळाबद्दल दोष देणे सोपे आहे. दोषाचा मोठा वाटा मंत्रालयाच्या दुसऱ्या मजल्यांवरही पोहोचतो, हे कोणी फारसे बोलत नाही.

संगणकाने सारे सुधारेल असे म्हणणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. ई-औषधी ही संगणकीय नोंदव्यवस्था महाराष्ट्रात आलेली आहे. पण नोंद करणारा औषधनिर्माता जागेवर नसेल, तर पडद्यावरील साठा आणि कपाटातील साठा यांची गाठ कधीच पडावयाची नाही. आरोग्यकेंद्रातील रिक्त पदे भरण्याचा खर्च वाचविणे आणि मुदत संपलेल्या औषधांचा खर्च सोसणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

प्राधिकरणाने नवी समिती न नेमता दरमहा तीन गोष्टी लोकांपुढे मांडाव्यात, अशी आमची मागणी आहे: अत्यावश्यक औषधांपैकी कोणते औषध कोणत्या जिल्ह्यात किती दिवस नव्हते, कोणत्या खेपा तपासणीत नापास झाल्या, आणि पुरवठादारांची किती देयके नव्वद दिवसांहून अधिक काळ पडून आहेत. ही माहिती शासनाच्या दप्तरात असेल, तर ती उद्याही देता येईल. नसेल, तर ती नाही असे विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात आरोग्यमंत्र्यांनी सांगावे.