नदीचे मूळ

ज्ञानेश्वरांपासून मराठी संतकवींनी नदी आणि सागर यांचे मीलन ऐक्याचे प्रतीक मानले. सागर सर्वांना पोटात घेतो, ही त्यामागील श्रद्धा. आज नद्यांबरोबर शहरांचे सांडपाणी आणि प्लास्टिकही सागरास मिळते. अशा वेळी ती श्रद्धा आपल्याला सोयीची पळवाट तर ठरत नाही ना, असा प्रश्न पडतो.

या संदर्भात मुंबईतील वर्सोव्याचा अनुभव उद्बोधक आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलांनी एका वृद्ध शेजाऱ्यासमवेत तेथील किनारा स्वच्छ करण्यास आरंभ केला. पुढे कोळी बांधव, विद्यार्थी व इतर नागरिक त्यात सामील झाले. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे गेली. तथापि भरतीबरोबर कचरा परत येतच राहिला. म्हणून हे कार्यकर्ते किनाऱ्यावरून मिठी नदीकडे वळले. माझ्या मते या चळवळीचे खरे मोल या वळणात आहे.

बंगळूरच्या जयनगरात बसून समुद्राविषयी लिहिणे काहींना विसंगत वाटेल. परंतु या शहराच्या मोठ्या भागाचे सांडपाणी वृषभावतीतून अर्कावतीस, अर्कावतीतून कावेरीस मिळते. आणि कावेरी समुद्रास. मग किनारा झाडण्याचे ओझे केवळ किनाऱ्यावरील लोकांनीच का वाहावे?

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपली म्हण सांगते. ऋषीपुरती ती खुशाल पाळावी. नदीचे मूळ मात्र विचारावेच लागेल. कदाचित ते आपल्याच घरातील मोरीपाशी सापडेल.