बंड म्हणजे लूट नव्हे!

मंडळी, जुन्या समुद्री साहसपटांचा साचा ठरलेला. युद्ध चालू, जहाजावर सोनं, खलाशांना हाव सुटली की झालं बंड! बघायला मजा येते, नाही म्हणत नाही. पण त्यातून 'बंडखोर खलाशी म्हणजे लुटारू' हे जे डोक्यात बसतं ना, त्याला माझा ठाम विरोध आहे.

आपण पनवेलकर हार्बरने डॉकयार्ड रोडवरून मुंबईला जातो. त्याच मुंबईत, महायुद्ध संपून सहा महिने होताहेत तोच, १८ फेब्रुवारी १९४६ला 'तलवार' या नौदल केंद्रातल्या सैनिकांनी बंड केलं. मागितलं काय? खाण्याजोगं जेवण, गोऱ्यांइतका पगार, आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका. सोनं नाही हो! बघता बघता ७८ जहाजं आणि सुमारे २०,००० नौसैनिक सामील झाले. काँग्रेस आणि लीगच्या पुढाऱ्यांनीच शरण जायला सांगितलं. २३ तारखेला ते शरण गेले. बडतर्फ झालेल्यांना स्वतंत्र भारताच्या नौदलानेही परत घेतलं नाही.

मग हावरट कोण? ते, की आयतं स्वातंत्र्य उपभोगून त्यांना विसरलेले आपण? वीकेंडला सिनेमा बघाच, पण आधी कुलाब्याचं त्यांचं स्मारक बघून या.