दुधाच्या हिशेबात गाईचे पोट कोठे?

दूधदराचा प्रश्न राज्यात अधूनमधून रस्त्यावर येतो आणि दरवेळी लिटरमागच्या रुपयांपाशी येऊन थांबतो. २०२४ मध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे आधी पाच आणि ऑक्टोबरपासून सात रुपये अनुदान दिले. त्यासाठी साडेतीन फॅट व साडेआठ एसएनएफ ही प्रत आधार मानण्यात आली. हे आकडे ज्या जनावराच्या पोटात ठरतात, त्याच्या आहाराची आणि त्यातून उद्भवणाऱ्या आजारांची चर्चा मात्र फारशी झाली नाही. वस्तुतः दूध उत्पादकाचे मोठे नुकसान याच ठिकाणी, गाजावाजा न होता होत असते.

दुग्धज्वर हे त्याचे ठळक उदाहरण. नावात ज्वर असला तरी या आजारात ताप येत नाही. उलट गाईचे अंग थंड पडते. गाय व्याल्यानंतर साधारण दोन-तीन दिवसांत, बहुधा तिसऱ्या किंवा त्यापुढच्या वेतात, तो दिसतो. एक लिटर चिकात दोन ग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. गाईच्या रक्तात मात्र एका वेळी जेमतेम तीन ग्रॅमच्या आसपास. दहा लिटर चीक देणाऱ्या गाईला त्याच्या कितीतरी पट कॅल्शियम हाडांतून आणि चाऱ्यातून तातडीने मिळवावे लागते. ते न जमल्यास ती लडखडते, बसते आणि मान पोटाकडे वळवून पडून राहते. पशुवैद्य वेळेवर पोचला आणि शिरेतून कॅल्शियम सावकाश दिले, तर बहुतेक गाई काही तासांत उभ्या राहतात. तो पोचला नाही, तर लाखाच्या घरातील जनावर हातचे जाते.

दुसरा आजार किटोसिस. व्याल्यावर दूध झपाट्याने वाढते, भूक त्या वेगाने वाढत नाही. ही तूट भरून काढण्यासाठी गाय अंगावरची चरबी जाळते. त्यातून तयार होणारी द्रव्ये रक्तात साचली, की ती खुराक सोडते आणि दूध घटते. तिसरा आजार म्हणजे कोटीपोटातील आम्लता. चारा कमी आणि धान्य-पेंड जास्त झाली, लग्नातला उरलेला भात किंवा पोळ्या भरपूर घातल्या, की पोटातील आम्ल वाढते आणि तंतुमय चारा पचविणारे जिवाणू मरू लागतात. दुधातील फॅट बऱ्याच अंशी याच तंतूंच्या पचनातून तयार होते. त्यामुळे जादा दुधाच्या आशेने खुराक वाढविणाऱ्याचाच फॅट कमी भरतो आणि दर कापला जातो.

या आजारांना कोणताही विषाणू कारणीभूत नाही. त्यांचे मूळ अर्थकारणात आहे. व्यायच्या आधीचे दोन महिने गाय आटवलेली असते. ती दूध देत नाही, म्हणून तिचा खुराक आणि खनिज मिश्रण तोडले जाते. दूधदर पडला की पहिली कात्री येथेच लागते. पुढच्या वेतातील आजाराचे बी नेमके याच काळात पेरले जाते. काही जण याउलट, भीतीपोटी, या काळात कॅल्शियमच्या बाटल्या पाजतात. त्यामुळे हाडांतून कॅल्शियम सोडविण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते आणि व्याल्यानंतर गरज पडताच ती तोकडी पडते.

पश्चिम महाराष्ट्रात यात उसाच्या वाढ्यांची भर पडते. गाळप हंगामात वाढे सहज आणि स्वस्त मिळतात. पण त्यांतील ऑक्झॅलेट चाऱ्यातील कॅल्शियम बांधून ठेवते आणि ते शेणावाटे निघून जाते. पोट भरते, पोषण होत नाही. आजार उघड न होताही वार अडकणे, गाय वेळेवर माजावर न येणे, दोन वेतांतील अंतर लांबणे अशा रूपांत त्याची किंमत वसूल होत राहते.

सरकारी धोरणाची रचना मात्र संसर्गजन्य रोगांभोवती आहे. २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिसच्या नियंत्रणासाठी १३ हजार कोटींहून अधिक रकमेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २००९ चा केंद्रीय कायदा संसर्गजन्य रोगांची वर्दी देणे बंधनकारक करतो. २०२२ मध्ये लम्पीने दगावलेल्या दुभत्या गाईमागे राज्याने ३० हजार रुपये दिले. हे सर्व योग्यच होते. तथापि कॅल्शियमअभावी बसलेली गाय या कोणत्याही चौकटीत बसत नाही. तिची वर्दी देण्याचे बंधन नाही. म्हणून धोरणकर्त्यांच्या लेखी ती जवळपास नसतेच.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने राष्ट्रीय डेअरी योजनेच्या पहिल्या टप्प्यात संतुलित आहाराचा कार्यक्रम गावपातळीवर राबविला. स्थानिक चारा, गाईचे वजन आणि दूध पाहून आहार ठरवायचा, ही त्यामागील कल्पना. ती कायमस्वरूपी व्यवस्थेचा भाग व्हायला हवी. त्यासाठी लागणारी माहिती संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ जमा होतेच आहे. एखाद्याचा फॅट सलग आठवडाभर घसरत असेल, तर ती गोठ्यातील बिघाडाची पहिली खूण असू शकते. आज त्या आकड्यावरून केवळ पैसे कापले जातात. त्याच आकड्यावरून पशुवैद्याला निरोप गेला, वाढ्यांच्या भागात योग्य खनिज मिश्रण केंद्रावरच मिळाले आणि आटवलेल्या गाईच्या आहाराला थोडा आधार मिळाला, तर अनुदानाचे रुपयेही अधिक कारणी लागतील.

शहरातील ग्राहकाला पिशवीवरची किंमत दिसते आणि उत्पादकाला पावतीवरचा दर. या दोहोंच्या मध्ये उभ्या असलेल्या गाईचे पोट नीट भरल्याशिवाय दोन्ही बाजूंचा हिशेब जुळणार नाही.