घरात साप पाळताय? हौस तुरुंगापर्यंत नेऊ शकते

पावसाळा लागला की बिळांत पाणी शिरतं आणि साप कोरड्या जागेच्या शोधात घराकडे वळतात. कडब्याची गंजी, सरपणाचा ढीग, कोंबड्यांचं खुराडं, कुठंही साप निघतो. पूर्वी लोक काठी उचलायचे, आता अनेक जण मोबाईल उचलतात. साप वाचतो हे चांगलंच. पण यातूनच नवी हौस निघाली आहे. साप पकडायचा, बरणीत ठेवायचा, गळ्यात घालून रील टाकायची आणि मग तो 'पाळायचा'.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नव्हे, पकडणंही त्यातच येतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस, धामण, अजगर हे पहिल्या अनुसूचीत आहेत. गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. 'धामण बिनविषारी आहे' ही सबब चालत नाही. पुरावा तर पोरांनी स्वतःच रील टाकून दिलेला असतो.

नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेल्या सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यालाही यातून सूट नाही. २०२५ मध्ये केंद्राने तिथल्या २१ जणांना नाग पकडायची परवानगी दिली, तीही लोकशिक्षणासाठी आणि मोजक्या दिवसांपुरती.

विकत घेतलेला परदेशी साप चालतो का?

शहरांत 'बॉल पायथन' हा आफ्रिकेतला छोटा अजगर पाळण्याचं फॅड आहे. अशा प्राण्यांची 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करण्याचे नियम २०२४ मध्ये आले. म्हणजे साप कुठून आला याचे कागद हवेत. इन्स्टाग्रामवरून गुपचूप घेतलेल्या सापाला कागद कुठले?

कागद असले तरी सांभाळणं सोपं नाही. त्याच्या पेटीत एक बाजू उबदार, साधारण ३० ते ३२ अंशांची, दुसरी थोडी थंड लागते. लपायला जागा आणि स्वच्छ पाणी लागतं. नवा साप आणल्यावर आठवडाभर हात लावायचा नसतो, नाहीतर तो खाणं सोडतो. खाऊन झाल्यावर लगेच उचलला तर ओकतो. आणि हा प्राणी वीस-तीस वर्षं जगतो. जिथं रात्री लाईट जाते, तिथं थंडीच्या दिवसांत त्याला ऊब कुठून देणार?

बरणीतल्या सापाचं काय होतं?

पकडलेला साप घाबरलेला असतो, बहुतेक वेळा काही खात नाही. त्याला दूध पाजणं म्हणजे जीव घेणंच, कारण दूध हे सापाचं अन्नच नाही. 'दात काढलाय, काही करत नाही' हेही खोटं. दात पुन्हा येतात, आणि तोवर तोंडात जखम चिघळून साप मरतो.

ओळखायला चुकलं तर माणसाचा जीव जातो. अजगराचं पिल्लू समजून घोणस हातात धरणारे कमी नाहीत. कवड्या समजून मण्यार उचलणारेही आहेत. आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू होतात, असा अंदाज २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात पुढे आला.

खरा धोका पुढे आहे. घरात लपवलेला साप चावला की केस होईल या भीतीने पोरगं घरी सांगत नाही. मग आधी मांत्रिक, नंतर दवाखाना. तेवढ्यात वेळ निघून जातो. केस नंतर लढता येते, गेलेला जीव परत येत नाही.

मग करायचं काय?

साप दिसला तर लांबून लक्ष ठेवा, लहान मुलं आणि जनावरं बाजूला घ्या. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाईनला फोन करा. आधीच साप पकडून ठेवला असेल तर बरणी उघडू नका, हाच नंबर लावा. चावलाच तर चिरा देऊ नका, दोरी आवळू नका. १०८ बोलवा, चावलेला हात-पाय हलू देऊ नका आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. विषावरची लस तिथंच मिळते.

धामण शेतातले उंदीर खाते, शेतकऱ्याचं धान्य वाचवते. तिची खरी काळजी घ्यायची असेल, तर तिला बांधावरच राहू द्यावं.