दुकान कुठे, बिऱ्हाड कुठे



दिवाळीचे चोपडापूजन आटोपले की आपल्या पुष्कळ घरांत एक जुना विषय नव्याने निघतो. तालुक्याचे गाव सोडावे काय, आणि सोडायचे तर कोणते शहर गाठावे? त्याला निमित्त बहुधा मुलाच्या लग्नाचे असते. घर सुखवस्तू, मुलगा निर्व्यसनी, दुकान चालते. तरी ‘राहणे गावातच’ एवढे ऐकले की मुलीकडची मंडळी पुढचे बोलणे थांबवतात. मग घाईघाईने पुण्यात सदनिका घेतली जाते, आणि दुकानाचे काय करायचे हा विचार मागाहून सुरू होतो.

हा क्रम आम्हाला उफराटा वाटतो. बिऱ्हाड आणि दुकान हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे एकाच शहरात सापडतील असे नाही.

बीड जिल्ह्यातील एका भुसार व्यापारी कुटुंबात सध्या हाच विचार चालू आहे. धाकट्या चिरंजीवांचा ओढा पुण्याकडे, मोठ्यांचा लातूरकडे, तर मामांचा आग्रह सुरतेचा. तिघांचेही म्हणणे खोटे नाही. गुलटेकडीचे मार्केट यार्ड आणि त्यालगतच्या बिबवेवाडीत आपली इतकी घरे आहेत की स्थानक, मंदिर, पाठशाळा यांची उणीव भासत नाही. परंतु तेथील गाळ्याची पागडी वा भाडे, आणि पिढ्यान्‌पिढ्या बसलेल्या पेढ्यांशी स्पर्धा, हे नवख्यास सोसणारे नव्हे. लातूरला तूर व हरभऱ्याची आवक आहे, डाळ गिरण्या आहेत. ज्या शेतकऱ्यांशी व आडत्यांशी वडिलांचा तीस वर्षांचा व्यवहार, ते हाकेच्या अंतरावर राहतात. शिवाय नातवंडांच्या शिक्षणासाठी ‘लातूर पॅटर्न’ ऐकून लोक बाहेरून तेथे येतात. सुरत कापडाची व हिऱ्याची. भुसारवाल्याने तेथे जाणे म्हणजे शहर आणि धंदा दोन्ही एकदम बदलणे होय.

परराज्यात जाताना आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आल्यापासून महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात दुसऱ्या शहरी पेढी काढली तर ती त्याच नोंदणीत अतिरिक्त जागा म्हणून दाखवता येते. गुजरात वा कर्नाटकात गेलात की नोंदणी वेगळी, हिशेब वेगळा. आपलाच माल आपल्याच तिकडच्या पेढीला पाठवला तरी त्यावर कर भरून मग त्याची वजावट घ्यावी लागते. भांडवल तेवढे दिवस अडकते. लहान पेढीला हे जड जाते.

पण कागदपत्रांपेक्षा मोठी गोष्ट पतीची. गावात तुमच्या नावावर पंचेचाळीस दिवसांची उधारी मिळते, कारण समोरच्याने तुमच्या आजोबांना पाहिलेले असते. नव्या शहरात तोच घाऊक व्यापारी रोख मागतो. पत टेम्पोत भरून नेता येत नाही! म्हणून पहिली दोन वर्षे जुने दुकान चालू ठेवावे आणि जुन्या पतीवर नव्याचा माल उचलावा, असे आम्ही आग्रहाने सुचवू.

आता बिऱ्हाडाकडे वळू. येथे निर्णय पुरुष घेतात आणि तो निभावतात घरातील स्त्रिया. चौविहाराचेच पाहा. डिसेंबरअखेर मुंबई-पुण्यात सूर्यास्त सहाच्या थोडा पुढे होतो, कोलकात्यात पाचच्या सुमारास. जूनमध्ये मुंबईला सव्वासातपर्यंत उजेड असतो, चेन्नईला साडेसहाच्या आसपास दिवस मावळतो. गावात दुकानामागे घर असते. हाक आली की गल्ल्यावर मुनीम बसवून जेवून येता येते. वाशीच्या बाजारातून लोकलने बोरिवलीस परतणाऱ्याला हे शक्य नाही. त्याने डबा दुकानी मागवावा किंवा नियम सोडावा. त्यामुळे घर पाहताना चौरस फुटांआधी घर ते दुकान हे अंतर संध्याकाळी पाचच्या गर्दीत मोजावे. सासूबाईंना पायी प्रवचनाला जाता येईल काय, हेही त्याच फेरीत पाहून घ्यावे. सातव्या मजल्यावरचे प्रशस्त घर ज्यांच्यासाठी तुरुंग ठरले अशा वृद्ध माता आम्ही पाहिल्या आहेत.

हे सारे भाड्याच्या घरात एक पूर्ण वर्ष राहून पाहावे. त्यात एक चातुर्मास आला पाहिजे, कारण वस्तीतील साधर्मिकांची खरी ओळख त्या चार महिन्यांत होते. पाठशाळेत मुले रमतात की नाही तेही कळते. एका रविवारी फिरून, दलालाच्या मोटारीतून पाहिलेली वस्ती निराळी आणि आषाढ-श्रावणात अनुभवलेली निराळी.

समृद्धी महामार्ग आता नागपूरपासून मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत, 701 किलोमीटर, पूर्ण झाला आहे. त्याच्या काठच्या गावांना माल पाठवणे सोपे झाले. तेथील कुटुंबांनी तरी ‘गावात आता काही उरले नाही’ हे वाक्य पुन्हा एकदा तपासून पाहावे.

वर उल्लेखिलेल्या कुटुंबाचा निर्णय अद्याप व्हायचा आहे. मोठे चिरंजीव लातूरला गाळा भाड्याने घेऊन बसले आहेत आणि शनिवारी गावी येतात. धाकटे पुण्यात घरे पाहत आहेत. सूनबाईंचे मत कोणी आजवर विचारले नव्हते, विचारल्यावर त्या म्हणाल्या, “शहर कोणतेही चालेल, पण आई-दादांना इथे एकटे ठेवून नाही.” आणि आई गाव सोडण्यास तयार नाहीत, त्याचे कारण केवळ माया नव्हे. गावात आपली अकरा घरे उरली आहेत. विहारात येणाऱ्या साध्वीजींची गोचरी त्या अकरांवर चालते, आणि स्थानकाची किल्ली त्यांच्या देवळीत असते. ती किल्ली कोणाकडे द्यायची, याबद्दल येत्या रविवारी उरलेल्या घरांची बैठक बोलावली आहे.